दहापैकी किती

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! सात खोकी, दोन बॅगा, एक गादी आणि चव्वेचाळीस वर्षांची मी, एवढा ऐवज आज सकाळी नव्या घरात उतरला. ज्या खोक्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘कपबशा’ लिहिलं होतं, तेच हमालांनी बरोब्बर उलटं ठेवलं. त्यांना मी काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. पण एकही फुटली नाही. माझ्या हातून पास झालेला माल आहे तो.

घर झकास आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढची बसायची-झोपायची, मागची स्वयंपाकाची, तिला लागून न्हाणीघर. पलंग, खुर्ची, लोखंडी कपाट घरातलंच. भिंतींना नुकताच रंग दिलाय, वास अजून जात नाही. वर मालकीणबाई एकट्याच राहतात. साठी ओलांडलेल्या, काटक, गळ्यात दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा, आणि हवा तेव्हा नेमका दुसराच डोळ्यांवर. मी खोकी उघडेपर्यंत त्यांनी मला लग्न का केलं नाही हे तीनदा विचारलं. मी तीन वेगवेगळी कारणं सांगितली.

ही वही धाकटीनं दिली. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिचा डबा, तिचा ताप, तिची शाळा, सगळं मीच निस्तरलं. आता तिशीची घोडी झालीय, तरी मी निघाले तेव्हा हमसून हमसून रडली. म्हणाली, ताई, रोज फोन करून माझं डोकं खाशील, त्यापेक्षा थोडं वहीचं खा. बरं बाई, खाते.

५ मार्च, बुधवार

कारखाना नवा, काम तेच. भट्टीतून निघालेला कप बोटावर टांगायचा, लाकडी कांडीनं हलकेच टोला द्यायचा आणि ऐकायचं. नीट भाजलेला कप खणखणीत वाजतो, आत तडा असेल तर बद्द. शिवाय प्रत्येक खेपेतला एक कप फोडून आतली माती बघायची. वीस वर्षं मी फोडतेय. दुपारपर्यंत इथेही माझं नाव फोडाबाई पडलं.

इथले लोक एकदा फोडतात आणि लगेच निकाल लिहून मोकळे होतात. माझं पहिल्याच दिवशी भांडण झालं. एकदा झालं तो योगायोग, दोनदा झालं तरी शंका, तीनदा तेच आलं तरच वहीत चढवायचं, असं माझ्या जुन्या साहेबांनी शिकवलंय आणि मी त्यातून तसूभर हलणार नाही. नवे साहेब आधी तापले, मग हो म्हणाले.

येताना कारखान्याच्या ड्रायव्हरनं गाडीतून सोडलं. पन्नाशीचा, मिशाळ, गाडी थांबली रे थांबली की जांभई देणारा. माझ्या घरापर्यंत त्यानं अकरा जांभया दिल्या. छान चाललंय सगळं.

८ मार्च, शनिवार

दुखणं : दहापैकी नऊ.

वरची ओळ डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कंबर किती दुखते ते रोज आकड्यात लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे यापुढे सोसवत नाही.

कारण सांगते. पोतं उचललं नाही, कपाट सरकवलं नाही. सकाळी मोजा घालायला वाकले आणि शिंकले. बस्स! कमरेत असं काही कडाडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक मोजा पायात, एक हातात, अशी मी फरशीवर आडवी. फोन मागच्या खोलीत. श्वास जरा जोरात घेतला तरी कळ थेट मस्तकात. दीड तास मी पलंगाखालची धूळ बघत पडले होते. शेवटी हाताशी एक स्टीलचा पेला लागला, तो फरशीवर आपटत राहिले, तेव्हा मालकीणबाई भांडायला म्हणून खाली आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं हे नशीब.

डॉक्टर घरी येऊन गेले. पाय उचलून पाहिले, बोटांना टाचणी टोचली, लघवी नीट होतेय ना विचारलं. सगळं जागेवर आहे, स्नायूनं धरलंय म्हणाले, बहुतेकांचं काही आठवड्यांत सुटतं. गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, उताणं झोपलं तर गुडघ्यांखाली उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं उठायचं. दिवसभर लोळायचं मात्र नाही, मधूनमधून चार पावलं टाकायची. मी म्हटलं, माझ्या वतीनं तुम्हीच टाका की.

धाकटीला फोनवर मोज्याची गोष्ट सांगितली. आधी खो खो हसली, मग लगेच निघते म्हणाली. मी दटावून तिथेच बसवलं.

९ मार्च, रविवार

दुखणं : सकाळी नऊ. दुपारी एक. संध्याकाळी परत नऊ.

न्हाणीघर चौदा पावलांवर आहे, मला वीस मिनिटं लागली. आधी भिंत, मग खुर्ची, मग कपाट, मग परत भिंत. खोकला येणार असं वाटलं की आधी काहीतरी घट्ट धरायचं, हे शिकले. दात घासून वाकता येत नाही, त्यामुळे चूळ उभ्यानंच, जाईल तिकडे.

दुपारी मालकीणबाई जेवण घेऊन आल्या. लोखंडी कपाटातून मला धुतलेली चादर काढून देत होत्या. मी उठताना आधाराला त्याच कपाटाचं दार धरलं. कळ आली, माझा सगळा भार दारावर गेला आणि दार मिटलं. आत मालकीणबाईंची बोटं होती. कचकन आवाज झाला. दोन बोटं चेचली, मधल्याचं नख उलटून लोंबत होतं, चादर रक्तानं भरली.

मी धावले. पाणी आणलं, फडकं फाडलं, बांधलं, गाडी बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. जिना चढून वर सोडलं. हे सगळं करून खाली आले तेव्हा ध्यानात आलं, की मी धावले होते! कंबर पिसासारखी हलकी. वाकून दोन्ही मोजे घातले आणि काढले, गंमत म्हणून परत घातले. चार तासांनी उभ्या उभ्याच पुन्हा कडाडलं.

धक्क्यानं माणूस दुखणं विसरतो, तसंच काहीतरी झालं असणार. मालकीणबाई बिचाऱ्या मला एक शब्द बोलल्या नाहीत.

११ मार्च, मंगळवार

दुखणं : सकाळी नऊ. दहा वाजल्यापासून एक.

कारखान्याचा ड्रायव्हर माझ्या गोळ्या घेऊन आला. मी ओट्याला टेकून पाणी उकळत होते. त्याला दया आली. रबरी पिशवीचं तोंड मी धरतो, तुम्ही ओता, असं म्हणाला. ओतायला किटली उचलली आणि कळ आली. उकळतं पाणी त्याच्या मनगटावर, तिथून बाहीच्या आत कोपरापर्यंत. तो किंचाळला. शर्ट ओढून काढला तर बाहीबरोबर कातडीही निघून आली.

तो ओरडत होता आणि माझी कंबर सुटत होती. हे असंच झालं, मी बनवून लिहीत नाही. त्याच्या आवाजाबरोबर माझ्या पाठीतली एकेक गाठ सैल होत होती. मी त्याचा हात नळाखाली धरला होता आणि मला हसू येत होतं, शी! बरं वाटल्याचं हसू. तोंड फिरवून कसंबसं दाबलं.

आता दिवस मावळतोय. मी पाय मुडपून आरामात बसून लिहितेय. त्या माणसाचा हात किती दिवस कामातून गेला कोण जाणे. माझी मान शरमेनं खाली गेलीय, पण कंबर ताठ आहे.

१२ मार्च, बुधवार

दुखणं : पहाटे चारपर्यंत एक. आता नऊ.

अठरा तास पुरलं.

हा काय अभद्र विचार आहे म्हणून स्वतःवर चिडले. मग खलबत्त्याचा बत्ता घेऊन स्वतःच्याच डाव्या अंगठ्यावर हाणला. एकदा, परत एकदा. नख काळंठिक्कर पडलं. कंबर नऊची नऊ. म्हणजे आपलं चालत नाही. दुसऱ्याचं लागतं.

उद्या व्यायाम शिकवायला फिजिओ यायचाय. येऊ नको म्हणून सांगायला दोनदा फोन उचलला. बोटं आणि हात, दोनदाच झालंय अजून. मी काही ठरवलेलं नाही, फक्त दोनदा झालंय एवढं लिहिते.

१३ मार्च, गुरुवार

दुखणं : नऊ. मग शून्य. शून्य!

फिजिओ दांडगा आणि हसरा निघाला. आल्या आल्या फोनमध्ये दोन महिन्यांच्या लेकीचा फोटो दाखवला. मला उताणं झोपवलं, माझी टाच आपल्या तळहातावर घेतली आणि एक गुडघा टेकून, एक पुढे करून समोर बसला. पाय हळूहळू सरळ करत माझ्या हातावर रेटा म्हणाला. जोर लावा, भिऊ नका.

मी पाय आखडला, टाच त्याच्या हातातून सोडवली आणि पुढे केलेल्या गुडघ्याच्या कडेवर हाणली. नेम धरून. हे खरं लिहायलाच हवं. नेम धरून, अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून.

आवाज खणखणीत आला. पाय जिकडे वळू नये तिकडे वळला. तो आईला हाका मारत लोळत होता आणि मी उठून बसले, मग उभी राहिले, मग त्याला ओलांडून पाणी आणायला गेले. त्याला वाटलं माझा पाय सुटला. मीच जास्त जवळ बसलो, माझी चूक, असं मलाच सांगत राहिला. त्याला नेणाऱ्या गाडीसाठी मी हसतमुखानं दार धरून ठेवलं. मग केर काढला, पडदे लावले, खोलीभर गिरक्या घेतल्या.

तिसऱ्यांदा झालं. निकाल लिहिते. दुसऱ्याला जेवढं लागेल, तेवढं माझं थांबतं. दोन बोटं, चार तास. हात, अठरा तास. गुडघा, बघू.

१४ मार्च, शुक्रवार

दुखणं : दुपारपर्यंत शून्य. तीन वाजता पाच. आता आठ.

गुडघा अठ्ठावीस तास पुरला.

सकाळी कंबर ठणठणीत होती म्हणून मालकीणबाईंकडे वर जाऊन बसले. मला ताठ चालताना पाहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, या घराचा गुणच म्हणायचा, आधीच्या भाडेकऱ्याचंही असंच झालं होतं. मला आधी कळेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. नवरा-बायको होते. आल्या आठवड्यातच नवऱ्याची कंबर धरली. तीन आठवडे तो जागचा हलला नाही, बायकोनं रात्रंदिवस केलं त्याचं. तिच्या अंगावर रोज नवीन वळ दिसायचे, कुठे पडले विचारलं की ती हसायची. मग एका सकाळी तो दोन्ही हातांत बॅगा घेऊन ताडताड चालत निघून गेला. बायकोला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. न्हाणीघरात पडून पाठ मोडली म्हणे. तिला आता कमरेखाली काही कळत नाही. तो दुसऱ्या गावात आहे, पळायच्या शर्यतीत भाग घेतो, कधी म्हणून दुखलं नाही त्याला.

मालकीणबाई हे सांगताना त्याचं कौतुकच करत होत्या. मी मनात हिशेब मांडला. बोटाला तास, गुडघ्याला दिवस, आणि पाठीला —

खाली आले तर धाकटीचा फोन. रजा मिळाली, रविवारी येतेय, तुझी सेवा करायला. तिच्या आवाजानं मला भरून आलं, आणि त्याच क्षणी मी तिच्या पाठीचा विचार केला. अरुंद आहे. लहानपणी तेल लावताना एकेक मणका मोजता यायचा.

मी फोन कट केला.

१५ मार्च, शनिवार

दुखणं : दहा. दहा. मग तीन. परत दहा.

धाकटीला सकाळपासून पाच फोन केले. येऊ नको म्हटलं. तुझं तोंड बघायचं नाही म्हटलं. तू माझ्या गळ्यातली धोंड आहेस, तुझ्यापायी माझं आयुष्य मातीत गेलं, असंही म्हटलं. जन्मात कधी बोलले नव्हते ते.  ती म्हणाली, एवढं दुखतंय का गं, ताई? तिकीट काढलंय मी.

डॉक्टरांना सांगितलं, मला बांधून ठेवा नाहीतर कुठेतरी भरती करा. ते म्हणाले कमरेच्या उसणीसाठी कुणी भरती करत नाही, झोपेची गोळी घ्या.

मालकीणबाईंना खाली येऊ नका असं ओरडून सांगितलं होतं. आल्याच. बांधलेल्या हातात ताट धरून. मला उठवत नाही म्हणून गादीशेजारी फरशीवर ताट ठेवायला वाकल्या. बत्ता उशाशीच होता. मी तो फेकून द्यायला उचलला. देवाशपथ फेकायलाच उचलला. त्यांच्या पाठीवर घातला. त्या ऐनवेळी वळल्या म्हणून खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. दुसऱ्यांदा उगारला तेव्हा त्या फरफटत दाराबाहेर गेल्या होत्या. चष्मे दोन्ही फुटले.

शेजारचे धावले. पाय घसरून पडले असं मालकीणबाई त्यांना सांगत होत्या. दारातून माझ्याकडे बघत बघत सांगत होत्या.

त्यांना दवाखान्यात नेलं. आता वर कुणी नाही. खांदा फक्त दोन तास पुरला. पूर्वीसारखं पुरत नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळ

दहा.

सरपटत जाऊन दाराला आतून कडी घातली. खुर्ची लावली. बत्ता, सुऱ्या, किटली, सगळं खिडकीतून रस्त्यावर टाकलं. कुणीतरी बाहेरून शिव्या घातल्या.

पोलिसांना फोन केला. मी बहिणीला मारणार आहे म्हटलं. ती कुठे आहे विचारलं. अजून आली नाही म्हटलं. आल्यावर कळवा म्हणाले.

धाकटी गाडीतून उतरली असेल. दहा मिनिटं लागतात चालत. दार उघडायचं नाही. ती रडेल, थकेल, जाईल परत. जाऊ दे. माझं मी सोसेन. आयुष्यभर सोसेन, फक्त ती —

वाजवतेय.

ताई म्हणतेय.

१६ मार्च, दुपार

सुतार आणून कडी उचकटली तिनं. हट्टी. मीच लाडावलेली. सुतार गेला. मी पलंगाखाली शिरले होते, तिथून ओढून काढलं, भिंतीला टेकून बसवलं, तोंड पुसलं.

सगळं सांगितलं. ही वही दिली, वाच म्हटलं. पूर्ण वाचली. रडली. मग म्हणाली, गोळ्यांनी डोकं फिरलंय तुझं, योगायोग आहेत गं सगळे. मी म्हटलं, तीनदा. चारदा. ती म्हणाली, मग पाचव्यांदा माझ्यावर करून बघ, काही होत नाही हे तुलाच कळेल, तुला नाहीतर पटायचं नाही.

माझ्यासाठी काठी आणलीय तिनं, वाटेत घेतली. जाडजूड, पितळी मुठीची. माझ्या हातात दिली.

पाठ केली माझ्याकडे. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. हळूच हं, म्हणाली. हसतेय.

पळ म्हटलं. आधी मार, मग पळते म्हणाली.

दहा. दहाच्या वर काय असतं —

डाव्या हातानं लिहितेय. लिहीत राहायचं. लिहीत असेपर्यंत निदान हा हात तरी —

कुडता पाठीला चिकटलाय. मणके दिसतायत. वरून खाली, एक, दोन, तीन —

ती विचारतेय, अजून किती वेळ वाकू गं, माझीच कंबर धरेल आता.

उजवा हात वर गेलाय. मी नाही नेला. खाली ये म्हणतेय मी त्याला. धाकटे, बाजूला हो म्हणतेय, आवाजच फुटत नाही, धाकटे, बाजूला हो, धाकटे, मी